देवापुढे ठेवलेली पत्रिका

फाल्गुन सरत आला होता आणि पिंपळमळ्यातील हळद जमिनीतून वर आली होती. कृष्णेकाठचा हा मळा म्हणजे एकाच भावकीची मोजकी घरे. येथे हळदीच्या कामास रोजाने मजूर लावण्याची रीत नाही, वारंगुळा चालतो. आज सर्वांनी तुझ्या रानात राबायचे, उद्या सर्वांनी माझ्या रानात. कोणाची पाळी कधी, हे लालासाहेब ठरवीत असे. पाळी लावणाऱ्याने स्वतःची पाळी सर्वांच्या शेवटी घ्यावी, हा त्याच्या वडिलांपासूनचा दंडक होता व त्याने तो कधीही मोडला नव्हता. म्हणून इतर बहुतेकांची हळद शिजून उन्हात पसरली गेली होती, आणि लालासाहेबाची मात्र खणून, मुळ्या झाडून, अंगणात ढीग घालून पडली होती. ओली हळद ढिगात फार काळ थांबत नाही. तिला आतून ऊब सुटते, कोंब फुटतात आणि मग ती कुजते. त्याची पत्नी राहीबाई रोज सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब पाही.

त्या दिवशी पाळी गुंडाकडे होती. गुंडा हा लालासाहेबाचा चुलत पुतण्या. वाफेवर हळद शिजविण्याचा कुकर मळ्यात त्याच्या एकट्याकडे होता, आणि त्याच्या जिभेपुढेही मळ्यात कोणाचे काही चालत नसे. पिंपाचे झाकण उघडले की वाफेचा पांढरा लोट अंगावर येई आणि उग्र वासाने डोळ्यांस पाणी सुटे. लालासाहेब हळकुंडात काडी टोचून पाही, आणि त्याने मान हलविली की मगच पिंप ओतले जाई.

अशा गडबडीत त्याच्या बंडीच्या खिशातील मोबाईल वाजला. औंधच्या मेहुण्याच्या नंबरावरून मेसेज आला होता. ‘आमचे घरी शुभकार्य योजिले आहे. अगत्य येणेचे करावे. पत्रिका पाहण्यासाठी खालील निळ्या ओळीवर दाबा.’ लालासाहेबाने पिवळा अंगठा पायजम्याला पुसला व ती ओळ दाबली. पडद्यावर इंग्रजीत काही विचारणा झाली. त्याने जे दाबता येण्याजोगे होते ते दाबले. पुन्हा विचारणा झाली, पुन्हा दाबले. पत्रिका काही उघडली नाही.

“लालातात्या, फोन बघत बसलासा तर हळदीचा रबडा हुईल हितं!” गुंडा पिंपामागून ओरडला.

“औंधच्या मेव्हण्याच्यात लगीन हाय वाटतं. पत्रिका उघडंना झालीया.”

“फोनला हळद तर लागली की वो. आता त्येचंच लगीन लावून टाका!”

सर्वजण हसले. लालासाहेबही हसला आणि मोबाईल खिशात टाकून कामाला लागला.

सायंकाळी तो ओसरीवर बसला. दुसऱ्या दिवसाच्या पाळीचा निरोप प्रत्येक घराला मेसेजने धाडण्याचा त्याचा नेम होता. त्याचे नाव पडद्यावर दिसले की मळ्यातील माणूस हातचे काम टाकून तो मेसेज उघडी, कारण सकाळी कोठे जायचे ते त्यातच असे. ‘उद्या आमच्याकडे’ हे शब्द तो मोठ्या समाधानाने लिहीत होता. परंतु मोबाईल तव्यासारखा तापला होता. एवढ्यात गुंडाचा फोन आला.

“तात्या, हे काय बरं न्हवं. दिसभर माज्या कुकरापाशी हुबं हुतासा आन् एका शबदानं बोलला न्हाईसा!”

“काय बोलायचं हुतं रं?”

“क्रांतीचं लगीन ठरीवलं आन् भावकीला सुपारी फोडायलाबी बोलावलं न्हाई! तुमच्या नंबरावनं पत्रिका आली तवा कळलं आमाला. मी दाबणारच हाय आता. बनुकाकीलाबी वाचून दावली, निळ्या अक्षरावर दाब म्हणलं. म्हातारी रडायलाच लागली आनंदानं.”

लालासाहेब काही सांगणार तोच गुंडाने फोन ठेवला. क्रांती ही लालासाहेबाची एकुलती एक मुलगी. मिरजेस नर्सिंगचे शिक्षण घेत होती व हळदीच्या कामासाठी घरी आली होती. तिचे लग्न ठरलेले नव्हते. उलट, दोन स्थळे तिने शिक्षणासाठी परतविली होती, आणि मळ्यात त्यावर कुजबुज चाले. तिने बापाच्या हातून मोबाईल घेतला व पाहिले. भावकी, सोयरे, दूधवाला, ज्यांचे नंबर त्यात होते त्या सर्वांना तीच शुभकार्याची ओळ गेली होती.

“तात्या, आज तुम्ही कुठली पत्रिका उघडायला गेला होता का?”

“औंधच्या मेव्हण्याची.”

“ती मामाची नव्हतीच. मामाचा फोनसुद्धा असाच धरला असणार.” तिने मोबाईलचे इंटरनेट प्रथम बंद केले. “खरी पत्रिका नुसती चित्रासारखी दिसते तात्या. ती फोनमध्ये नवीन अ‍ॅप बसवायला सांगत नाही, आणि तुमचे मेसेज वाचू का, असं विचारत नाही. ह्यानं विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. आता बँकेकडून गुप्त आकडा आला की तुमच्या आधी चोर वाचतो. आमच्या हॉस्टेलवरच्या एका मुलीचं असंच झालं.”

“माझं खातं ह्या फोनला जोडल्यालंच न्हाई.”

“तुमचं नाही. पण ज्यांना ही गेलीय त्यांचं आहे ना? आत्ताच्या आत्ता एकेकाला फोन लावा. ही पत्रिका खोटी आहे, दाबू नका, एवढंच सांगा.”

लालासाहेब उठला, पुन्हा बसला. “काय सांगू? मी येडा ठरलो म्हणून? आन् पोरीचं लगीन न्हाईच म्हणून? आदीच तोंडं कमी चालत्यात व्हय? सकाळी समदी आपल्याच दारात येणार हायती. बसवून, च्या देऊन, समोरासमोर सांगतो. लग्नाची गोष्ट फोनवर मोडत न्हाईत.”

“आवं, सकाळपतोर कुणी दाबलं मंजी?” राहीबाई आतून म्हणाली. “तुमास्नी जमत न्हाई तर मी जाती दारोदार.”

“तू गप. आन् क्रांते, तुला माज्या गळ्याची आण हाय. एक अक्षर बोलायचं न्हाई.”

क्रांतीने स्वतःचा मोबाईल हातात घेतला होता; तो तिने खाली ठेवला. त्या घरात त्या सायंकाळी कोणी धड जेवले नाही.

आता बनुबाईविषयी सांगणे आवश्यक आहे. बांधापलीकडचे घर तिचे. पती निवर्तलेला, मुलगा शंभूराज सैन्यात, दूर उत्तरेस. आईचे तोंड दिसावे म्हणून त्यानेच तिला मोठा मोबाईल घेऊन दिला होता. तिला अक्षरओळख नव्हती, आणि डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आल्यामुळे मनुष्यसुद्धा जवळ आल्यावाचून ओळखू येत नसे. मिरजेच्या दवाखान्यात डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे म्हणून शंभूराजने तिच्या खात्यावर पैसे साठविले होते. क्रांतीला लहानपणी हिनेच मांडीवर घेऊन वाढविले.

लग्नाची पत्रिका घरी आली की ती प्रथम देवापुढे ठेवावी, हळदकुंकू लावावे आणि मग वाचावी, ही आपल्याकडील रीत. बनुबाईने ती पाळली. तिने मोबाईल पाटावर, यमाईच्या तसबिरीपुढे ठेवला. त्याच्या काचेला बोटाने हळदकुंकू लावले. पारोशाने लेकीची पत्रिका उघडायची नाही म्हणून ती तशीच निजली. म्हणजे सबंध रात्र तो मोबाईल देवापुढे होता! या एका रात्रीत कोणीही उठून, बांध ओलांडून, तिच्या दाराची कडी वाजविली असती तरी पुरे होते. कोणीही गेले नाही. पहाटे ती न्हाली, देवाला हात जोडले आणि निळ्या अक्षरांवर बोट दाबून, क्रांतीचे छायाचित्र दिसावे म्हणून काचेवर वाकून बसली.

सकाळी लालासाहेबाच्या अंगणात माणसे जमली. राहीबाईने चहा ठेवला. लालासाहेब घसा खाकरून बोलण्यास उभा राहतो तोच बनुबाई बांधावरून चाचपडत आली. मोबाईल पदराखाली धरला होता.

“क्रांते, ह्यात तुजा फोटू दिसंना गं. दाबूनशान दाबूनशान दमली. नुसतं टिंग टिंग वाजतंय.”

क्रांतीने मोबाईल तिच्या हातून घेऊन वाचले. टिंग टिंग म्हणजे बँकेचे मेसेज होते. खाते रिकामे झाले होते.

तिने तेथेच सायबर चोरीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरावर फोन लावला. बनुबाईला मात्र अद्याप काही उमगले नव्हते. “काय झालं? लगीन मोडलं का काय?” एवढेच ती विचारीत होती.

लालासाहेबाने मग सर्व सांगितले. मी पत्रिका दाबली, माझा फोन चोरांच्या ताब्यात गेला, पोरीचे लग्न नाही, कोणीही दाबू नका. जे सायंकाळी सांगायचे ते त्याने सकाळी सांगितले.

गुंडा पुढे झाला.

“तुमचं किती गेलं तात्या?”

“माझं काय न्हाई गेलं. माझं खातं...”

“वा रं वा! ज्येच्या फोनवनं आलं त्येचं काय गेलं न्हाई, आन् आंधळ्या म्हातारीचं समदं गेलं!”

“गुंडा, तोंड सांभाळ,” राहीबाई म्हणाली.

“काय सांभाळायचं काकू? मिरजंला शिकाय घातलीया न्हवं पोरगी? काय शिकून आली कुणाला ठावं! एवढं समदं बरोबर कसं ठावं हिला?”

क्रांतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले, परंतु कानाचा फोन तिने काढला नाही. ती तक्रारीचा नंबर हातावर लिहून घेत होती. माणसांनी एकेक करून आपापल्या पाट्या उचलल्या. चहा तसाच राहिला. जाताना गुंडा म्हणाला, “आन् कुकराची वाट बघू नगासा. बिगाडलाय.”

त्याच दुपारी लालासाहेब, क्रांती व बनुबाई बँकेत गेली. काचेपलीकडचा तरुण अधिकारी तोंड वर न करता म्हणाला, “आजी, ओटीपी कुणाला सांगितला?”

“म्या कुणाशीच बोलली न्हाई, सायेब.”

“मग लिंक दाबलीच कशाला? एवढ्या जाहिराती करतो आम्ही. तरी तुम्ही लोक...”

“पोरीची पत्रिका हुती,” बनुबाई म्हणाली.

रांगेतील कोणी तरी हसले. बनुबाई ऐकू यावे म्हणून पुढे वाकली होती आणि तिचे दोन्ही हात काचेवर टेकले होते. “काचेला हात लावू नका,” अधिकारी म्हणाला, “सगळं पिवळं पडतंय.” तिने हात काढले आणि पदराखाली लपविले. अर्ज घेतला गेला. चौकशी होईल, काही रक्कम पुढे अडविली गेली असेल तर कळविले जाईल, असे सांगण्यात आले. मला असे विचारावेसे वाटते की, ज्याने पळविले त्याला कोणी एक प्रश्न विचारीत नाही आणि जिचे गेले तिला सारे जग उलटतपासणी करते, हा कोठला न्याय? चोराने मेहुण्याचे नाव चोरले, बापाचे नाव चोरले, लेकीच्या लग्नाची हौस चोरली. आणि शहाणी माणसे विचारतात, तू दाबलेस कशाला!

वारंगुळा मोडला, पण ढीग थांबणारा नव्हता. राहीबाईने हात घातला तेव्हा आतील हळद तिच्या बोटांना गरम लागली. लालासाहेबाने गोठ्यामागे उपडी पडलेली जुनी लोखंडी काहिल, पसरट मोठी कढई, ओढून काढली. तिच्यात कोंबड्यांनी घर केले होते. त्याने ती राखेने घासली, चर खणून चुलवण केले, व तिघांनी मिळून ती त्यावर चढविली. कुकरावर अनेक हातांनी जे काम सहज होते, ते आता सहा हातांवर आले. क्रांतीने उसाचे पाचट वाहून आणावे, राहीबाईने पाट्या भरून काहिलीत ओताव्यात, लालासाहेबाने जाळ राखावा. पाचट भडकन पेटते आणि लगेच विझते. त्याला एक क्षण पाठ दाखविता येत नाही. लालासाहेबाच्या भुवया करपल्या. क्रांतीच्या तळहातांना फोड येऊन फुटले व त्यांत हळद झोंबू लागली. शिजलेली हळद उपसताना काहिलीतले पाणी राहीबाईच्या पायावर सांडले. तिने मूठभर ओली माती तेथे दाबली व पुन्हा पाटी उचलली.

गुंडा मोटारसायकलवरून जाताना थांबला. “काय तात्या, लग्नाचा सैपाक चाललाय व्हय?”

लालासाहेबाने जाळात पाचट सारले. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याच्या आत बनुबाई आली. विचारल्यावाचून चुलवणापाशी बसली आणि पाचट आत सारू लागली.

“वैनी, तुमी कशाला? उठा बगू,” लालासाहेब म्हणाला.

“का? माज्या हळदीला तुमी तिघं आलतासा का न्हाई? मग फेडाय नगो?”

“एवढं झाल्यावर...”

“चोरानं चोरी केली. त्येचं मी तुमास्नी काय म्हणत न्हाई. त्येचा मुडदा पडंल.” तिने पाचटाचा पेंढा आत ढकलला. तिला जाळ स्पष्ट दिसत नव्हता. ती धगेवरून अंदाज घेत होती. “पर भावजी, एक इचारू? त्या सांजंला तुमास्नी ठावं हुतं?”

क्रांती पाटी घेऊन जागीच थांबली. लालासाहेबाला खोटे बोलता आले असते.

“व्हय वैनी,” तो म्हणाला. “ठावं हुतं.”

काहिलीत हळद रटरटत होती, पिवळा फेस कडेवर चढत होता.

“माजं दार लय लांब हुतं का वो?” बनुबाईने विचारले.

लालासाहेबाने हातातील काडी हळकुंडात खुपसली. हळद केव्हाच शिजली होती, तरी तो काडी खुपसतच राहिला. शेवटी राहीबाईने त्याच्या हातून ती काढून घेतली. बनुबाई मात्र उठून गेली नाही. तो दिवसभर ती तेथेच पाचट सारीत बसली, आणि त्यानंतरही रोज येत राहिली.

ढीग संपत आला, अंगणभर आणि पुढच्या खळ्यावर शिजलेली हळद पसरली गेली. मग एका दुपारी शिराळ्याच्या बाजूने आभाळ काळे होऊन आले. फाल्गुनअखेरचे ते अवेळी आभाळ. शिजलेल्या हळदीवर पाऊस पडला की तिचा रंग जातो, व रंग गेलेल्या हळदीला सांगलीच्या बाजारात कोणी हात लावीत नाही. मळ्यात धावपळ उडाली. प्रत्येकाने आपापली हळद झाकली आणि वळचणीला उभे राहून लालासाहेबाच्या अंगणाकडे पाहिले. तेथे तिघे पोती, चटया, घोंगडी, जे मिळेल ते पसरीत होते. बनुबाईने घरातून आपली लुगडी आणली होती व खळ्याच्या टोकाला ती चाचपडत हळदीवर अंथरीत होती. टपोरे थेंब सुरू झाले.

त्याच वेळी गुंडा मोठी ताडपत्री खांद्यावर घेऊन पळत आला. एक टोक त्याने लालासाहेबाच्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले. दोघांनी ती खळ्यावर ओढली. वारा ती उचलू पाहत होता.

“तात्या,” गुंडा म्हणाला. त्याचे लक्ष लुगडी अंथरणाऱ्या म्हातारीकडे होते. “माजंबी गेलंय.”

“काय गेलंय?”

“पैसं. कुकराच्या भाड्याचं, हळदीच्या उचलीचं, समदं.”

“कवा?”

“त्याच राती. तुमाला फोन करून पत्रिका दाबली. जेवून उठूस्तवर खातं साफ.”

लालासाहेबाने टोक घट्ट धरले. “मंजी वैनीनं दाबायच्या आदी.”

“व्हय.”

“आन् निळ्या अक्षरावर दाब म्हणून तिला सांगणारा तूच.”

“व्हय.”

“मग उठून गेला का न्हाईस? दोन घरं सोडून ऱ्हातूस तू!”

“कसा जाऊ? लोकं हसली आसती. गुंडा फसला म्हणून गावभर झालं आसतं.”

“आन् दुसऱ्या दिवशी माज्या दारात येऊन, माज्या पोरीला...” लालासाहेबाचा आवाज फाटला. परंतु गुंडाचे शब्द त्या सायंकाळचे त्याचेच शब्द होते, आणि हे त्याला कळत होते. “त्या चोरानं आपली तोंडंबी बघितली न्हाईत रं. त्येला आपल्या दोगांची लाज पुरली. मला सांगून काय उपेग? तिला सांग.”

“सांगतो की. सांजंला, सवडीनं...”

“सांजंला न्हाई!” लालासाहेब ओरडला. “एक सांज मी घालीवली. आत्ता सांग. ताडपत्री सोडू नगंस. धरूनशान सांग.”

गुंडाने मान वळविली. “काकी,” तो म्हणाला, “मीबी फसलोय.”

पाऊस ताडपत्रीवर ताशासारखा वाजत होता. बनुबाईने कानामागे हात धरला.

“काकी, मीबी फसलो! तुज्या आदी फसलो! ठावं आसून गप बसलो!”

आता तो पूर्ण ताकदीने ओरडत होता, कारण त्याशिवाय ऐकू जाण्याचा उपाय नव्हता. वळचणींना उभी असलेली माणसे पुढे सरकली. क्रांती हातातील पोते तसेच धरून उभी राहिली.

बनुबाई चिखलातून त्याच्यापाशी आली. चेहरा दिसावा म्हणून तिने आपले तोंड त्याच्या तोंडाजवळ नेले. तिच्या केसांतून पाणी गळत होते. तिने त्याला मारले नाही. तिने फक्त हात वर करून मळ्यातील घरांकडे बोट केले.

“परत सांग,” ती म्हणाली. “त्यास्नीबी ऐकू जाऊ दे. आन् इचार, आजून कुणाकुणाचं गेलंय.”

गुंडाने ताडपत्रीचे टोक न सोडता घरांकडे तोंड केले.